कापलेल्या फोटोतली तीन बोटं

ही गोष्ट माझ्यासोबत घडली. कुणाच्या मैत्रिणीच्या जावेसोबत नाही... माझ्यासोबत.

मानायचं तर माना, नाही तर इथूनच परत फिरा. मला कुणाला पटवायची हौस नाही. छातीवर जिथं माझी डबी टेकायची तिथं अजून गोरा डाग आहे. मला तेवढा पुरावा बास आहे.

गेल्या श्रावणातला सोमवार. गाव नांदेड. तरोडा नाक्याजवळ माझं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे आणि मागच्या खोल्यांत आम्ही राहतो. दिवेलागणीची वेळ होती. लाईट नुकतीच गेली होती.

नावं मी बदललेली नाहीत. त्यांनी सगळं माझ्यापासून लपवलं, आता मी त्यांचं कशाला झाकू?

मी मंजुश्री. माहेरची बिरादार. तोंडाची फटकळ आहे, हे माझी गिऱ्हाईकंच सांगतील. बाई जाड झाली असली तर मी तोंडावर सांगते, जुन्या मापावर शिवून नंतर उसवत बसत नाही. खोटं मला खपत नाही. आणि बघा, माझ्याच वाट्याला काय आलं.

पुढं जायच्या आधी एक सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

आम्ही लिंगायत. आमच्यात लेकराच्या गळ्यात लिंग बांधतात. चांदीच्या डबीत, दोऱ्यात ओवून. ते जन्मभराचं. ज्याचं त्याचं असतं, दुसऱ्याला देत नाहीत, अंगावेगळं करत नाहीत. आणि माणूस गेला की आम्ही जाळत नाही. मातीत बसवतो... मांडी घालून. त्याच्या गळ्यातलं लिंग सोडून त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतो. मग माती देतो.

ते लिंग त्याच्यासोबतच गेलं पाहिजे.

माझी डबी मला कळायला लागल्यापासून माझ्या गळ्यात होती. एका कोपऱ्याला चेपलेली. लहानपणी मी आईला विचारायची, "ही अशी चेपली कशी?" आई म्हणायची, "तूच चावलीस, दात येताना."

चांदीवर बाळाचे दात... पण आई सांगते म्हटल्यावर लेकरू कशाला तपासायला जातं?

तर, सुरुवात साक्षीपासून झाली. साक्षी माझी मुलगी, नववीला आहे. तिनं मोबाईलवर वंशावळ काढायचं ॲप घेतलं. घरातल्यांची नावं टाकायची, जन्म टाकायचा, मृत्यू टाकायचा, फोटो चिकटवायचे. झाडासारख्या फांद्या फुटत जातात.

"आई, तुझ्या पणजीचं नाव काय?"

मला येईना. लाज वाटली. मग मीच व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'बिरादार परिवार'. उदगीरला राहणारी माझी आई उमाबाई. देवणीच्या पुढं शेतात राहणारे बसलिंगप्पा काका, म्हणजे माझ्या वारलेल्या वडिलांचे धाकटे भाऊ. काकांचा मुलगा शिवप्रसाद, त्याचं उदगीरला खताचं दुकान आहे. आणि पुण्याला, सोलापूरला पांगलेली सगळी पोरंसोरं.

लई मजा आली सुरुवातीला. कुणी पत्र्याच्या पेटीतले फोटो काढून पाठवू लागलं, कुणी आजोबांच्या घोड्याचं नाव सांगू लागलं. आईला टाईप करता येत नाही. ती बोलून पाठवायची. "मंजू, जेवलीस का गं?" हे अख्ख्या ग्रुपवर. मागं टीव्ही दणादणा चालू. संध्याकाळी दिवा लावला की आईला मोठा आवाज लागतोच. मी लहान असताना रेडिओ होता, आता टीव्ही. मला वाटायचं तिला एकटं वाटत असेल.

माझ्याकडं माझ्या बारशाचा फोटो होता. वडील खुर्चीवर, त्यांच्या मांडीवर मी. बस, एवढाच. डावीकडून फोटो कापलेला.

कात्री माझ्या रोजच्या हातातली आहे. कापलेली कड मला कळते. ती कड सावकाश, जपून कापली होती. सरळ खाली येत येत माझ्या पायापाशी वळली होती... कारण माझ्या पायाला कुणाचा तरी हात होता. हात कापायचा तर माझा पाय कापला गेला असता. म्हणून तेवढं ठेवलं होतं.

तीन बोटं.

ही कुणाची बोटं, असं विचारलं की आई म्हणायची, "तुझ्या आजीची." मी कधी शंका घेतली नाही.

त्या सोमवारी शिवप्रसादनं शेतातल्या समाध्यांचे फोटो पाठवले. आजीच्या समाधीचा दगड, त्यावर कोरलेलं साल. साक्षीनं ते ॲपमध्ये टाकलं आणि म्हणाली, "आई, गडबड आहे. तुझी आजी तर तू जन्मायच्या आधीच वारली."

मी साल परत वाचलं. मग आईला फोन लावला.

"आई, ती तीन बोटं आजीची नाहीत. आजी नव्हतीच तेव्हा."

पलीकडं नुसता टीव्ही.

मग आई म्हणाली, "आसंल एखादी शेजारीण. एवढं जुनं कोण ध्यानात ठेवतंय?" आणि फोन ठेवला. आईनं माझ्या आधी फोन ठेवला, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं.

तेवढ्यात लाईट गेली.

साक्षी म्हणाली, "थांब. अर्धा फोटो पूर्ण करणारं एक ॲप आहे. कापलेली बाजू ते स्वतःच भरतं."

"स्वतः म्हणजे?"

"अंदाजानं. मनचं काढतं. गंमत असते नुसती."

मोबाईलच्या उजेडात आम्ही दोघी वाकून बसलो. चक्र फिरत राहिलं... फिरत राहिलं...

आणि डावी बाजू भरली.

एक बाई उभी होती. इरकली लुगडं, काठ लाल. डोक्यावर पदर. तिचा उजवा हात माझ्या पायावर होता, तीच तीन बोटं, आता हाताला जोडलेली. आणि डावा हात पुढं. तळहात उघडा. काहीतरी मागितल्यासारखा.

तळहात रिकामा होता.

"आई..." साक्षी म्हणाली, "ही तुझ्यासारखी दिसते."

मी म्हणाले, "तुझ्या ॲपनं माझाच चेहरा चोरला असेल." ती हसली. मीही हसले.

मग आम्ही दुसरे फोटो घेतले. त्या वर्षातले घरचे जेवढे फोटो ग्रुपवर आले होते, ते सगळे एका बाजूनं कापलेले होते. हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं. बैलजोडीसोबतचा फोटो. काकांच्या लग्नातला फोटो. प्रत्येक फोटो साक्षीनं ॲपमध्ये टाकला.

प्रत्येकात तीच बाई.

तोच चेहरा... तोच उघडा तळहात.

साक्षीचं हसू थांबलं होतं. तिनं काय केलं असेल? स्वतःच्या गेल्या वाढदिवसाचा फोटो टाकला. कापलेला वगैरे नाही, पूर्ण फोटो. मी, साक्षी, केक. ॲपला फक्त सांगितलं, बाजूची जागा वाढव.

ती बाई माझ्या खांद्यामागं उभी होती.

मी मोबाईल पालथा ठेवला. अंधार झाला. आणि मग मला ऐकू आलं.

थप...

थप...

थप...

लेकराला निजवताना पाठीवर थोपटतात ना, तसा आवाज. हळू, ठरलेल्या चालीत. दुकान आणि खोलीच्या मधल्या दाराकडून.

"शेजारी कुणाचं बाळ आलंय का गं?" मी विचारलं.

"कसला आवाज?" साक्षी म्हणाली.

लाईट आली तशी आवाज थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो भरलेला फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'ही कोण? ओळखणाऱ्याला माझ्याकडून साडीचोळी.' मी मुद्दाम हलकं लिहिलं. भीती अशीच उडवून लावायची सवय आहे मला.

आमचा ग्रुप म्हणजे कावळ्यांची शाळा. सकाळपासून सुप्रभात, महादेवाचे फोटो, कुणाच्या गुडघ्याचं दुखणं.

त्या दिवशी सगळ्यांनी फोटो पाहिला. एकेकाचं नाव मी उघडून बघत होते. पाहिलं, पाहिलं, पाहिलं... आणि एक अक्षर कुणी लिहिलं नाही.

मग स्क्रीनवर आलं, बसलिंगप्पा काका ग्रुपमधून बाहेर पडले.

दुपारी शिवप्रसादचा मेसेज आला. 'मंजूताईला कुणी काही बोलू नका. उमाकाकू हायेत तवर न्हाई. दाजी समजूत काढून राहिलेत तिची.'

लगेच पुसला त्यानं. 'हा मेसेज हटवला आहे' एवढंच उरलं. पण मी वाचला होता. तो मेसेज माझ्यासाठी नव्हता. दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपवर टाकायचा, तो घाईत इथं पडला होता.

दाजी म्हणजे माझे मालक. रविकिरण. रेल्वेत आहेत.

ते संध्याकाळी आले. मी पाणी दिलं आणि विचारलं, "कसली समजूत काढताय तुम्ही माझी?"

त्यांनी बूट काढले. सॉक्स काढले. सॉक्सची घडी घातली. या माणसानं लग्नापासून कधी सॉक्सची घडी घातली नव्हती.

"मंजू, जुनं उकरून काय मिळतं? सोड ना तो नाद."

"काय जुनं?"

"काही नाही म्हणतोय ना मी."

सकाळी मुखेडमार्गे जाणारी एसटी धरली आणि उदगीरला गेले.

आई देवघरात होती. लिंगपूजा चालली होती, मध्ये बोलत नाही ती. तिचा मोबाईल पलंगावर पडला होता. त्याला कुलूप वगैरे नाही, आईला जमत नाही ते.

मी उघडला.

सगळ्यात वर एक ग्रुप होता. नाव होतं 'घरचे'.

आई, काका, शिवप्रसाद, सोलापूरचे, पुण्याचे... आणि रविकिरण. सगळे होते त्यात.

फक्त मी नव्हते.

आणि तो ग्रुप कालपरवाचा नव्हता. मी अंगठ्यानं वर वर सरकवत गेले, संपेना. दिवाळीला मी नवी पैठणी नेसून फोटो टाकला होता, तोच फोटो इथं होता. खाली काकांनी लिहिलेलं, 'हुबेहूब कमळा.' त्याखाली आईनं नुसते जोडलेले हात टाकलेले. माझ्या मालकांनी लिहिलेलं, 'तिला कळू देणार नाही, काळजी करू नका.'

मी पलंगावर बसले. मला रडू येत नव्हतं... राग येत होता. एवढा, की दात दुखायला लागले.

आई पूजा करून बाहेर आली. माझ्या हातातला मोबाईल पाहिला. भिंतीला धरून खाली बसली.

"कमळा कोण?" मी विचारलं.

"कमलम्मा." आई म्हणाली. "माझी अक्का. आमी दोघी भालकीकडच्या. ती माझ्याहून मोठी."

"मग मला का नाही सांगितलं, मला मावशी होती म्हणून?"

आईनं पदर तोंडाला लावला.

"मावशी मी हाय, मंजे."

बाहेर रस्त्यावर भाजीवाला ओरडत होता.

मग तिनं सांगितलं. मी जन्मले तेव्हा ती बहिणीच्या मदतीला आली होती. बारसं झालं, फोटो झाले. मग अक्काला ताप आला आणि चार-आठ दिवसांत ती गेली. मला लिंग बांधायचंही राहून गेलं होतं, ते बांधणारे आमचे स्वामी अजून यायचे होते.

"तू माझ्याकडं ऱ्हात न्हवतीस गं. रडून रडून निळी व्हायचीस. दूध पिताना तुला अक्काच्या गळ्यातली डबी मुठीत धरायची सवय. ती मुठीत आसली की गप. न्हाई तर न्हाई."

"मग?"

"अक्काला बसवलं. लिंग तिच्या हातावर ठिवलं. बाप्ये माती आणायला वळले..." आईचा आवाज बसला. "मी खाली वाकले आन् उचललं."

माझा हात आपोआप माझ्या डबीवर गेला. चेपलेला कोपरा बोटाला लागला.

"हे दात माझे नाहीत."

"अक्का पाणी शेंदत व्हती. आडाच्या दगडावर आपटली."

"मेलेल्या बहिणीच्या हातातून घेतलंस?"

"हाव."

"का?"

ती माझ्याकडं बघत म्हणाली, "मला तू माझी करायची व्हतीस."

मी तिला खूप बोलले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. अक्का गेल्यावर वडिलांनी तिच्याशीच लग्न केलं. फोटो कापले ते तिनंच. मी रांगायला लागले तशी फोटोतल्या बाईकडं बोट दाखवायचे, म्हणून कापले. आणि माझ्या मालकांना लग्न ठरतानाच सांगितलं होतं. "सोयरिकीत लपवून चालत न्हाई," असं ती म्हणाली.

म्हणजे सोयरिकीत लपवायचं नाही. लेकीपासून लपवायचं.

बोलता बोलता संध्याकाळ झाली. तिनं डोळे पुसत उठून दिवा लावला आणि सवयीनं टीव्हीचा रिमोट उचलला. मी तो तिच्या हातातून घेतला.

"नको लावूस."

"लावू दे, मंजे."

"का?"

घर शांत झालं. आणि मग...

थप...

थप...

थप...

देवघराच्या दाराकडून.

आईचा चेहरा पांढरा पडला. "तुला बी येतंय ऐकू?" तिनं विचारलं. "मला रोजच येतंय. इतकी वर्सं. दिवा लावला की."

त्या रात्री मी तिच्याकडं थांबले नाही. शिवप्रसादच्या बायकोकडं झोपले. झोप कसली, पडून राहिले.

सकाळी स्वामींकडं गेले. त्यांना सगळं सांगितलं. लिंग सोडणं म्हणजे आमच्यात जीव सोडल्यासारखं. गळा रिकामा ठेवून चालत नाही. त्यांनी बराच वेळ विचार केला, मग आधी मला नवं लिंग बांधलं. जन्माला येऊन साक्षीएवढी लेक झाल्यावर माझ्या नावाचं पहिलं लिंग माझ्या गळ्यात आलं.

दुपारी काकांच्या शेतात गेले. काका बांधावर उभे होते. माझ्या नजरेला नजर देईनात.

"चुकलं आमचं, पोरी. दादानं शपथ घातली व्हती सगळ्यास्नी."

"दाखवा कुठं आहे."

लिंबाच्या झाडाखाली वडिलांची समाधी, फरशी लावलेली. पलीकडं आजीची, दगडाची. दोन्हींच्या मध्ये मातीचा उंचवटा. दगड नाही, नाव नाही. गवत वाढलेलं.

मला तो उंचवटा चांगला ओळखीचा होता. लहानपणी सुट्टीत मी त्याच्यावर बसून हुरडा खाल्ला होता. सगळे समोर बसलेले असायचे. आई, वडील, काका. एकानंही मला म्हटलं नाही की तिथून ऊठ.

मी गुडघ्यावर बसले. काकांनी कुदळीनं थोडी माती उकरून दिली आणि मागं सरकले. मी डबी गळ्यातून सोडली. दोरा मानेवरून निघाला तसा घशाखाली गारवा शिरला.

डबी मी माझ्या डाव्या तळहातावर ठेवली आणि हात खड्ड्यात घातला.

काकांची देवणी बैलं लिंबाखालीच बांधलेली होती. चघळत होती, गळ्यातली घुंगरं वाजत होती.

घुंगरं थांबली.

मी वळून पाहिलं. बैल उभे होते. दोघांचीही मान माझ्याकडं.

वारा नव्हता. सोयाबीनचं पान हलत नव्हतं...

आणि माझ्या तळहातावरचं वजन गेलं.

ओढून घेतलं नाही कुणी. हिसकलं नाही. नुसतं उचललं, ताटातला घास उचलावा तसं. मग त्याच तळहातावर, अगदी हळू...

थप.

मी हात वर काढला. हात रिकामा होता. खड्ड्यात वाकून पाहिलं, बोटांनी माती चाचपली. डबी नव्हती. काकांनी पायानं माती लोटली आणि मला धरून उठवलं.

नांदेडला आले. आवाज थांबला होता. एक दिवस, दुसरा दिवस, आठवडा झाला... काही नाही. मला वाटलं, झालं. तिचं तिला मिळालं.

माझं मला काय मिळालं, ते मात्र विचारू नका. मालकांशी मी स्वयंपाकापुरतं बोलत होते. 'बिरादार परिवार' ग्रुप मी बंद केला. शिवप्रसादनं मला 'घरचे' मध्ये घेतलं, वर लिहिलं, 'ताई, आता तू पण.' मी लगेच बाहेर पडले. आई रोज आवाज पाठवायची. "मंजू, जेवलीस का गं?" मागं टीव्ही नसायचा आता. मी ऐकायचे, उत्तर द्यायचे नाही.

मग भाद्रपदात एक दिवस शाळेतून आल्यावर साक्षी माझ्यापाशी आली. मी बाही जोडत होते.

"आई, रागावणार नाहीस ना? मी तो बारशाचा फोटो परत टाकून बघितला."

मी मशीन थांबवलं.

मोबाईल घेतला. डावी बाजू भरलेली होती. तीच बाई, तेच लुगडं. गळ्यात डबी होती. कोपऱ्याला चेपलेली. मला बरं वाटलं, खरंच सांगते. क्षणभर मी हसलेही असेन.

मग हातांकडं लक्ष गेलं.

तळहात आता पुढं नव्हता. तिचे दोन्ही हात छातीशी होते. त्या हातांत एक बाळ होतं. बाळाच्या मुठीत डबी.

आणि खुर्चीवर वडील बसलेले... मांडी रिकामी.

"ॲप मूळ फोटोला हात लावत नाही, आई," साक्षी म्हणाली. "कधीच लावत नाही. फक्त बाजू भरतं."

मी उठले. कपाटातून पाकीट काढलं. कागदाचा फोटो. इतकी वर्षं हातात घेतलेला, कोपरे मऊ झालेला.

वडील खुर्चीवर बसले होते.

मांडीवर कुणी नव्हतं. तीन बोटंही नव्हती.

फोटोच्या मागं वडिलांच्या अक्षरात 'मंजूचं बारसं' लिहिलेलं होतं. तेवढं तसंच होतं.

त्या दिवशी मी उदगीरला फोन लावला. इतक्या दिवसांनी माझा आवाज ऐकून आई आधी रडली. मी म्हणाले, "रडणं नंतर. तुझ्याकडं बारशाचा दुसरा फोटो आहे ना? काढ. मांडीवर कोण आहे सांग."

पेटीचं झाकण वाजलं. कागद चाळल्याचा आवाज आला. मग तोही थांबला.

"आई?"

"कुणीच न्हाई गं." तिचा आवाज लहान पोरीसारखा झाला होता. "घेऊन गेली अक्का."

लिंग नव्हतं मागत ती. ते मला तेव्हा कळलं.

सगळे विचारतात, आता कसं वाटतं? सांगते. एकीनं मला मेलेल्या बाईच्या हातून घेतलं. दुसरीनं मला फोटोतून घेतलं. एक माझी आई आहे आणि दुसरीही माझी आई आहे, आणि दोघींपैकी एकीनंही मला विचारलं नाही, की बाई, तुला कुणाकडं राहायचंय. मालकांना सगळं ठाऊक होतं, काकांना ठाऊक होतं. मीच तेवढी माझ्या घरात पाहुणी होते.

आईशी मी आता बोलते. ती म्हातारी झाली आहे. पण "जेवलीस का" म्हटलं की मी हो म्हणते आणि लगेच फोन साक्षीकडं देते.

आवाज परत सुरू झाला आहे.

आता तो दाराकडून येत नाही. माझ्या पाठीवर येतो... दिवा लावला की. हळू, ठरलेल्या चालीत. वळून पाहिलं तर कुणी नसतं. साक्षीला अजून ऐकू येत नाही.

म्हणून मी दिवेलागणीला मशीनवर बसते. पायानं जोरात चालवते, मोटर लावत नाही, पायाचा आवाज मोठा होतो. कापड नसलं तर चिंधी घालते.

परवा साक्षीनं विचारलं, "आई, गिऱ्हाईक नाही, काम नाही. रोज संध्याकाळी मशीन कशाला चालवतेस?"

मी तिच्याकडं न बघता म्हणाले, "काही नाही गं. तेल दिलंय, मुरेपर्यंत चालवावं लागतं."

ती "बरं" म्हणाली आणि आत गेली. तिनं शंका घेतली नाही.